ठोसे त्यांचे, टक्के यांचे

बॉक्सिंगची एखादी बडी लढत संपली आणि निकाल पटला नाही, की लोक लगेच विचारतात, ‘नुरा होती का हो?’ मग कुणी तो एकच ठोसा दहा वेळा मागेपुढे करून बघतं, कुणी पंचांची गुणपत्रिका भिंगाखाली धरतं. यात वेळ घालवणाऱ्यांची मला कीव येते. रिंगमधले दोघे बहुतेक वेळा जीव तोडून खरंच लढत असतात. बरगड्या खऱ्या मोडतात, भुवईवरची खोक खरी असते, मेंदूला बसणारा हादरा तर शंभर टक्के अस्सल. लबाडी होऊन गेलेली असते ती त्याच्या कितीतरी महिने आधी, वातानुकूलित खोलीत, वकिलांच्या साक्षीने. कुणाची जोड कुणाशी लावायची, कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, कोणत्या वाहिनीवर, आणि मुख्य म्हणजे कुणाला लढूच द्यायचं नाही, हे जिथे ठरतं तिथेच निकाल लागतो. वर ही मंडळी छाती काढून सांगतात की आम्ही हे सगळं चाहत्यांसाठी करतो. चाहत्यांसाठी! खिसेकापूने गर्दीचे आभार मानावेत, तसला हा प्रकार.

एक उदाहरण नीट उलगडून बघू, कारण या धंद्यातली सगळी भुतं त्यात एकत्र नांदतात. २ मे २०१५, लास व्हेगास, एमजीएम ग्रँड. फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाओ. ही लढत खरं तर व्हायची होती २०१० च्या मार्चमध्ये. २००९ संपता संपता बोलणी जवळपास पक्की झाली होती. मेवेदर तेव्हा बत्तीस वर्षांचा, पॅकियाओ नुकता एकतिशीत आलेला. दोघेही ऐन भरात. बोलणी फिसकटली रक्ततपासणीवरून. मेवेदरच्या गोटाला लढतीच्या तोंडावरसुद्धा अचानक रक्त तपासायची मुभा हवी होती, पॅकियाओचा गोट त्याला मुदत घालत होता. मुद्दा महत्त्वाचा होता, मी नाकारत नाही. पण एका सुईपायी पाच वर्षं? तुम्हाला पटतं?

गोम दुसरीकडे होती. पॅकियाओचा प्रमोटर बॉब अ‍ॅरम. मेवेदर २००६ पर्यंत याच अ‍ॅरमच्या दावणीला होता आणि साडेसात लाख डॉलर मोजून त्याने स्वतःची सुटका करून घेतली होती. त्यानंतर दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पुढे २०१३ मध्ये मेवेदर एचबीओ वाहिनी सोडून शोटाइमकडे गेला. शोटाइम ही तेव्हा सीबीएसची, एचबीओ टाइम वॉर्नरची. म्हणजे एका महामंडळाच्या माणसाने दुसऱ्या महामंडळाच्या माणसाला मारायचं, पण कोणत्या महामंडळाच्या पडद्यावर? जगातले दोन सर्वोत्तम वेल्टरवेट, एकाच शहरात येणारे-जाणारे, वजन सारखं, लढायला राजी, आणि मध्ये आडवी आलेली ही दोन ऑफिसं. या दोघांना वेगळं ठेवण्याची ताकद कुणा तिसऱ्या बॉक्सरच्या मुठीत नव्हती. ती कराराच्या कलमांत होती.

मग जोड लागली कशी? सीबीएसचा सर्वेसर्वा लेस मूनवेस मध्ये पडला. आणि तो पडावा यासाठी कोण झटलं? हॉलिवूडमधल्या, मूनवेसचं नेहमी येणं-जाणं असलेल्या एका रेस्टॉरंटातला वेटर! या वेटरने मूनवेसची आणि पॅकियाओचा प्रशिक्षक फ्रेडी रोच याची गाठ घालून दिली. पुढे मध्यस्थीचा ठरलेला टक्का मिळाला नाही म्हणून त्याने कोर्टात दावा लावला. ज्या जोडीसाठी प्रमोटर, मॅनेजर, सल्लागार आणि वकिलांची पलटण पाच वर्षं पगार खात होती, तिची सुरुवात ताट वाढणाऱ्या माणसाने करून दिली. जानेवारी २०१५ मध्ये मायामीतल्या एका बास्केटबॉल सामन्याला मेवेदर आणि पॅकियाओ योगायोगाने समोरासमोर आले आणि त्यांनी आपापसांत फोन नंबर दिले-घेतले. या दोघांनी हे पाच वर्षं आधी परस्पर केलं असतं तर मधल्या मंडळींची गरज काय उरली असती, याचा विचार करा. म्हणून तर त्यांना परस्पर बोलू देत नाहीत.

लढत ठरल्यावर पैशांवरून जी लाज सोडली गेली तिला तोड नाही. घरबसल्या बघायचे अमेरिकेत ९० ते १०० डॉलर. सोळा हजार खुर्च्यांच्या सभागृहातली तिकिटं कुणाच्या वाट्याला किती, यावरून अ‍ॅरमची कंपनी, मेवेदरचा गोट आणि हॉटेल यांच्यात जुंपली. शेवटी लढतीला जेमतेम नऊ-दहा दिवस उरले तेव्हा तिकिटं बाहेर आली. त्यातली जनसामान्यांच्या वाट्याला हजारभरसुद्धा नाहीत, आणि सगळ्यात स्वस्त तिकीट १५०० डॉलरचं. वजन करण्याच्या कार्यक्रमालाही तिकीट लावलं. दरवाजावरचा गल्ला ७ कोटी २० लाख डॉलर, टीव्हीवर विकत घेणारे ४६ लाख, त्यातून ४० कोटींहून जास्त. आणि लढत? अडतीस वर्षांचा मेवेदर बारा फेऱ्या सफाईने सरकत राहिला, छत्तीस वर्षांचा पॅकियाओ त्याच्यामागे चालत राहिला. लढत संपल्यावर कळलं की पॅकियाओचा उजवा खांदा आधीपासून दुखावलेला होता. लढतीपूर्वी भरायच्या सरकारी अर्जात खांद्याची दुखापत नाही असं लिहिलेलं, आणि लढतीच्या रात्री तीच टीम वेदनाशामक इंजेक्शनची परवानगी मागायला गेली! नेवाडा राज्याच्या आयोगाने ती नाकारली. चिडलेल्या प्रेक्षकांनी अमेरिकाभर दावे ठोकले. ते फेटाळले गेले आणि २०१९ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं. लढत बघायला पैसे दिलेत, लढत बघायला मिळाली, आता तक्रार कसली, असा त्या निकालाचा मथितार्थ.

या पाच वर्षांच्या दिरंगाईने बिघडलं कुणाचं? बॉक्सिंगचं बिघडलं. पॅकियाओचा वेग गेला, मेवेदरची धार गेली, बघणाऱ्यांची आयुष्यातली सर्वोत्तम लढत हुकली. जोड लावणाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही, उलट उत्सुकता व्याजासकट वाढली. या धंद्यात याला ‘लढत मुरू देणं’ म्हणतात. अ‍ॅरमनेच दुसरी एक जोड अशी मुरवत ठेवली होती, हुआन मॅन्युएल लोपेझ आणि युरिओर्किस गांबोआ. दोघेही त्याच्याच कंपनीचे, दोघेही अपराजित, उद्या लावली असती तरी चालली असती. पण नाही, अजून मुरू द्या, अजून भाव येईल. एप्रिल २०११ मध्ये लोपेझला ऑर्लांडो सालिडोने बदडून काढलं आणि ती लढत कायमची बारगळली. सालिडोचे मी मनापासून आभार मानतो. ऑफिसात केलेला हिशेब रिंगमध्ये कुणीतरी मोडून काढतो, तेवढ्यापुरता हा खेळ जिवंत असतो.

आता वळू पट्टेवाल्यांकडे. बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपद देणाऱ्या चार मोठ्या संस्था आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. वजनी गट किमान सतरा. म्हणजे एका वेळी अडुसष्ट जगज्जेत्यांची सोय! तेवढ्याने पोट भरेना म्हणून ‘सुपर’, ‘रेग्युलर’, ‘इंटरिम’, ‘फ्रँचायझी’ अशा पोटजाती काढल्या. यामागचं अर्थशास्त्र तुम्ही ओळखलंच असेल. पट्टा पणाला लागला की लढणाऱ्याच्या मानधनातून संस्थेला टक्का मिळतो, साधारण तीन. जितके पट्टे तितके टक्के. या संस्था कुणाला प्रशिक्षण देत नाहीत, कुणाच्या गल्लीत व्यायामशाळा बांधत नाहीत. त्या चामड्याचा पट्टा देतात आणि क्रमवारी लावतात.

आणि क्रमवारी कशी लावतात? डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट क्रमवारीत डॅरिन मॉरिस नावाचा बॉक्सर होता. तो ऑक्टोबर २००० मध्ये वारला. २००१ उजाडलं तरी संस्थेला पत्ता नाही, आणि या काळात मॉरिस क्रमवारीत वर चढला! माणूस मेला, पुरला गेला आणि प्रगती करत राहिला. चूक लक्षात आल्यावर संस्थेने नाव काढून टाकलं आणि कारभार पुढे सुरू. जगातला पाचवा-सहावा कोण हे ठरवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं किती लढती डोळ्यांनी पाहिल्या असतील, हे यावरून समजा.

त्यापेक्षा भयंकर प्रकरण आयबीएफचं, कारण त्यात निष्काळजीपणा नव्हता, दरपत्रक होतं. १९९५ मध्ये सेहेचाळीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनकडे हेवीवेटचा पट्टा होता. त्याला समोर हवा होता जर्मनीचा अ‍ॅक्सेल शुल्ट्झ, कारण तो झेपणारा वाटत होता. पण शुल्ट्झ क्रमवारीत त्या जागेवर बसत नव्हता. मग काय झालं? पुढे कोर्टात बॉब अ‍ॅरमने शपथेवर सांगितलं की या लढतीला मंजुरी मिळावी म्हणून आपण आयबीएफचा अध्यक्ष रॉबर्ट ली याच्यासाठी एक लाख डॉलर दिले. बघा आता: प्रमोटर पैसे देतो, अध्यक्ष घेतो, क्रमवारी हलते, आणि त्या रात्री दोन बॉक्सर प्रामाणिकपणे बारा फेऱ्या लढतात. गंमत अशी की शुल्ट्झ इतका चांगला लढला की त्यालाच जिंकलेला मानणारे आजही आहेत. निकाल फोरमनच्या बाजूने लागला. परत लढ म्हटल्यावर फोरमनने पट्टा सोडून दिला. रॉबर्ट लीवर १९९९ मध्ये आरोपपत्र आलं. हॉटेलच्या खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्यासमोर पैशांची देवघेव टिपली गेली होती. तरी ज्यूरीने मोठ्या आरोपांतून त्याला सोडलं, काळा पैसा फिरवणं, करचुकवेगिरी अशा थोड्याच आरोपांवर दोषी धरलं, शिक्षा २२ महिने. आणि ज्याने पैसे दिल्याचं कबूल केलं त्या अ‍ॅरमला? नेवाडा राज्याच्या आयोगाने सव्वा लाख डॉलर दंड केला. परवाना शाबूत, धंदा शाबूत. २०१५ ची ‘शतकातली लढत’ लावणाऱ्यांत हाच माणूस होता, हे विसरू नका.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. बरं, ताजं घ्या. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवलं आणि हेवीवेटला १९९९ नंतर पहिल्यांदा निर्विवाद विजेता मिळाला. चारही पट्टे एका कमरेला. किती काळ? सहा आठवडेसुद्धा नाही. करारानुसार उसिकला फ्युरीशी पुन्हा लढायचं होतं, आयबीएफचा हट्ट की आमच्या क्रमवारीतल्या डॅनियल डुबोआशी लढ. जूनअखेरीस तो पट्टा उसिककडून गेला आणि उसिकला न हरवताच डुबोआ ‘जगज्जेता’ झाला. सप्टेंबरमध्ये वेम्बलीवर डुबोआ विरुद्ध अँथनी जोशुआ ही लढत ‘जागतिक अजिंक्यपदाची’ म्हणून हाऊसफुल्ल विकली गेली. ज्याने फ्युरीला हरवलं तो घरी, आणि अजिंक्यपद वेम्बलीवर! पंचवीस वर्षांनी जुळलेली गोष्ट मोडायला यांना दीड महिना पुरला.

त्याहून ताजं हवं? १३ सप्टेंबर २०२५ ला टेरेन्स क्रॉफर्डने कॅनेलो अल्वारेझला हरवलं, दोन वजनी गट वर चढून. आजच्या पिढीतला हा सर्वांत धाडसी विजय आहे, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरमध्ये डब्ल्यूबीसीने त्याचा पट्टा काढून घेतला. तो हरला नव्हता, उत्तेजक चाचणीत सापडला नव्हता, आव्हान टाळून पळाला नव्हता. त्याने संस्थेचं शुल्क भरलं नव्हतं. हप्ता थकला, अजिंक्यपद जप्त! १९९२ मध्ये लंडनला रिडिक बोने डब्ल्यूबीसीचा पट्टा पत्रकारांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. त्याने ते लेनॉक्स लुइसला टाळण्यासाठी केलं म्हणून त्याचं कौतुक करता येत नाही, पण पट्ट्याची जागा त्याने बरोबर ओळखली होती.

या पट्टेवाल्यांची पेठ आपल्यापर्यंतही पोचली. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढला. विजेंदरकडे डब्ल्यूबीओचा ‘आशिया पॅसिफिक’ पट्टा, झुल्पिकारकडे त्याच डब्ल्यूबीओचा ‘ओरिएंटल’ पट्टा. संस्था एक, वजनी गट एक, खंड एक, पट्टे दोन! आशिया खंडाची ही फाळणी कुठल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे? विजेंदर थोडक्या गुणांनी जिंकला, आणि डोकलामचा भारत-चीन तणाव शिगेला असताना, सीमेवर शांतता नांदणार असेल तर हा पट्टा मी परत देतो, असं तो रिंगमध्ये उभं राहून म्हणाला. त्या रात्री वरळीत ऐकू आलेलं सर्वांत शहाणं वाक्य तेच. बीजिंगला २००८ मध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवणाऱ्या माणसाला असल्या प्रादेशिक पट्ट्याने मोठं व्हायची गरज नव्हती. पट्टे विकणाऱ्यांनाच त्याच्या नावाची गरज होती.

प्रमोटर या प्राण्याचा अर्क बघायचा तर डॉन किंग. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला तो जो फ्रेझरच्या गाडीत बसून लढतीला गेला. जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. किंग परतला तो फोरमनच्या गाडीतून. ही गोष्ट तो स्वतः आयुष्यभर फुशारकीने सांगत आला. पुढच्याच वर्षी किन्शासाची लढत. अली आणि फोरमन, प्रत्येकी ५० लाख डॉलर, आणि पैसा झाईरचा, म्हणजे मोबुटूच्या हुकूमशाहीचा. लढत पहाटे चार वाजता, कारण अमेरिकेतल्या थिएटरांत तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले. अलीने त्या रात्री दोरांना टेकून जे केलं ते मानवी धैर्याचं शिखर आहे, त्याला मी शंभर वेळा सलाम करीन. पण त्या पहाटेला जागून बसलेल्या झाईरच्या माणसांच्या तोंडचा घास या तमाशावर उधळला गेला, हेही तितकंच खरं.

किंगने आपल्या माणसांचं काय केलं ते बघा. टिम विदरस्पून १९८६ मध्ये वेम्बलीला जगज्जेता म्हणून उतरला आणि त्याने फ्रँक ब्रूनोला हरवलं. हरलेल्या ब्रूनोला सुमारे नऊ लाख डॉलर मिळाले, जिंकलेल्या विदरस्पूनच्या हातात सुमारे नव्वद हजार पडले. बाकीचे कुठे गेले? विदरस्पूनचा प्रमोटर डॉन किंग, आणि मॅनेजर? डॉन किंगचा सावत्र मुलगा कार्ल! मॅनेजरचं काम असतं प्रमोटरशी भांडून बॉक्सरला जास्त पैसे मिळवून देणं. इथे मुलगा बापाशी भांडणार होता. विदरस्पूनने दावा लावला आणि पुष्कळ वर्षांनी दहा लाखांच्या आसपास तडजोड झाली. माइक टायसनने किंगवर १० कोटी डॉलरचा दावा लावला आणि १ कोटी ४० लाखांवर मिटवला.

आणि खुद्द मुहम्मद अली? १९८० मध्ये, अडतीस वर्षांचा, हात-जीभ जड व्हायला लागलेला अली लॅरी होम्ससमोर उभा केला गेला आणि अक्षरशः चेचला गेला. त्या मानधनातले अकरा लाखांहून जास्त डॉलर किंगने दिले नाहीत, म्हणून अली कोर्टात गेला. तेव्हा अली हॉस्पिटलात होता. किंगने एका परिचिताच्या हाती रोख पन्नास हजारांची बॅग आणि दावा मागे घेतल्याचा कागद पाठवला. अलीने सही केली. बिछान्यावरचा थकलेला माणूस, समोर नोटांची बॅग आणि पुढे सरकवलेलं पेन. प्रमोटर या व्यवसायाबद्दल कुणी मला विचारलं, तर मी दुसरं काहीही सांगत नाही, हीच हकीकत सांगतो.

याच अलीच्या नावाने अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला. त्याचं म्हणणं साधं आहे: प्रमोटर आणि मॅनेजर एकच असू नयेत, एकाने दुसऱ्याच्या खिशात हात घालू नये, लढतीतून आपण किती कमावतो हे प्रमोटरने बॉक्सरला सांगावं, मोठी लढत देतो म्हणून बॉक्सरला वर्षानुवर्षं बांधून ठेवू नये, आणि क्रमवारीला काही निकष असावेत. कायदा चांगला. पण या कायद्याखाली फौजदारी कारवाई जवळपास झालीच नाही. आणि पळवाटा लगेच निघाल्या. अल हेमन नावाचा गृहस्थ, ज्याच्याकडे मेवेदरसकट दीडशेच्या वर बॉक्सर होते, तो स्वतःला प्रमोटर म्हणवत नाही. तो ‘सल्लागार’. दूरदर्शन वाहिन्यांवर वेळ विकत घ्यायचा, लढती लावायच्या आणि तरी सल्लागार! त्याच्यावर गोल्डन बॉय या प्रमोटर कंपनीने दावा लावला, तोही ती २०१७ मध्ये हरली.

मधल्या माणसांचा दर्जा किती घसरू शकतो याला तळ नाही. जून २०२० मध्ये टायसन फ्युरीने व्हिडिओ करून जगाला सांगितलं की जोशुआशी दोन लढतींचा करार जुळला, आणि तो जुळवल्याबद्दल डॅनियल किनाहनचे आभार. हा किनाहन कोण? ज्याला आयर्लंडच्या कोर्टात गुन्हेगारी टोळीचा सूत्रधार म्हणून संबोधलं गेलं, आणि २०२२ मध्ये ज्याच्यावर अमेरिकन सरकारने निर्बंध घातले, माहिती देणाऱ्याला ५० लाख डॉलरपर्यंत बक्षीस लावलं. बॉक्सिंगमधल्या प्रतिष्ठितांना हे नाव दोन वर्षं खटकलं नाही. अमेरिकेने बक्षीस जाहीर केल्यावर मात्र सगळ्यांची नीतिमत्ता एका दुपारी जागी झाली.

मग आले रियाधचे सौदी अधिकारी तुर्की अलालशेख. त्यांच्या बाजूने बोलणारे सांगतात की प्रमोटरांनी वर्षानुवर्षं अडवून ठेवलेल्या लढती सौदीने लावून दाखवल्या. हे खरं आहे. फ्युरी-उसिक लागली, बेटरबिएव्ह-बिव्होल लागली, आणि दोन्ही उत्तम झाल्या. पण यातून सिद्ध काय झालं? एवढंच, की ‘लढत जुळवणं फार गुंतागुंतीचं असतं’ हे प्रमोटरांचं पालुपद धादांत खोटं होतं. सगळ्यांच्या तोंडावर पुरेसा पैसा फेकला की गुंता सुटतो. फरक इतकाच की हा पैसा तिकीट काढणाऱ्याचा नाही, एका राजसत्तेचा आहे, आणि पत्रकार खाशोगींच्या खुनानंतर त्या राजसत्तेला जगाने दुसरं काहीतरी बघावं अशी निकड आहे. मोबुटूलाही तेच हवं होतं. शिवाय अलालशेखांनी २०२४ मध्ये ‘द रिंग’ मासिकच विकत घेतलं. १९२२ पासूनचं हे मासिक, बॉक्सिंगचं बायबल म्हणवणारं, स्वतःची क्रमवारी लावणारं. १९७७ मध्ये याच मासिकाच्या क्रमवारीत खोटे विक्रम घुसडले गेले होते आणि डॉन किंगची एबीसी वाहिनीवरची स्पर्धा त्यावरून बंद पडली होती. एवढं पोळल्यावर शहाणपण यावं? मासिक आधी माजी बॉक्सर दे ला होयाच्या प्रमोटर कंपनीकडे गेलं, आता लढती लावणाऱ्या सौदी अधिकाऱ्याकडे. परीक्षार्थ्यानेच परीक्षक विकत घेतला, आणि निकालपत्रावर विश्वास ठेवायचा तुम्ही-आम्ही.

आता शेवटचा आणि सगळ्यात घातक डाव. २०२५ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहात एक विधेयक आलं. मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या यूएफसीची मालक टीकेओ कंपनी त्याच्यामागे उभी आहे, आणि याच कंपनीने सौदींबरोबर झुफा बॉक्सिंग काढलं आहे. विधेयकाला नाव दिलंय अलीचंच, त्याच्या कायद्याचं ‘पुनरुज्जीवन’ म्हणून. आत काय आहे? एकाच संस्थेने बॉक्सर बांधायचे, लढती लावायच्या, क्रमवारी ठरवायची आणि पट्टेही आपणच द्यायचे, याला परवानगी. म्हणजे अलीच्या कायद्याने ज्या भिंती घातल्या त्या पाडायच्या, आणि पाडणाऱ्याच्या हातात फलक अलीच्या नावाचा. समर्थक म्हणतात, चार संस्थांचा गोंधळ संपेल, एकच खरा विजेता राहील. चार लुटारूंच्या जागी एक लुटारू येणं याला मी सुधारणा म्हणत नाही. यूएफसीत हीच व्यवस्था आहे. तिथल्या लढवय्यांनी मक्तेदारीविरुद्ध दावा लावला, तेव्हा कंपनीला साडेसदतीस कोटी डॉलर मोजून तो मिटवावा लागला. ज्या व्यवस्थेपायी एवढी रक्कम मोजावी लागली तीच आता बॉक्सिंगवर लादायची, तीही कायदा करून.

आणखी म्हणतात, सक्ती कुठे आहे? बॉक्सरने निवडावं, जुनी पद्धत की नवी. एकोणीस वर्षांचा पोरगा, घरी भाडं थकलेलं, व्यायामशाळेची फी उधार, त्याच्यासमोर एकच कंपनी टीव्हीवरची लढत घेऊन उभी. तो काय निवडणार? कोणत्या वकिलाला विचारून निवडणार? विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात बॉक्सरला फेरीमागे किमान १५० डॉलरची हमी होती, आणि तिचा डांगोरा मोठ्या उपकारासारखा पिटला गेला. नवखा बॉक्सर चार फेऱ्यांची लढत लढतो. झाले सहाशे. त्यातले दहा टक्के प्रशिक्षकाचे, मॅनेजर एक तृतीयांशापर्यंत घेतो, मग कर, मग जखमेचे टाके. उरलेल्या रकमेचा आकडा प्रतिनिधी महाशयांनी मतदानाचं बटण दाबण्याआधी स्वतःच्या हाताने कागदावर मांडावा, आणि त्याखाली सही करावी.